आबिड्सची कंपनी, सुलतान बाजारचा फळा

हैदराबादहून परत आले तेव्हा शाळेतल्या बायकांनी मधल्या सुट्टीत मला घेरलं. चारमिनार पाहिला का, मोती आणले का, बिर्याणी कशी होती. मी यातलं काहीच पाहिलं नाही, काही आणलं नाही. चार दिवस मी त्या शहरात एका मुलाच्या मागावर होते. जे पाहिलं ते मात्र कुठल्या सहलीच्या पुस्तकात मिळायचं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आमच्या घरात स्थळ आलं की धाकटा भाऊ मनोहर मुलाचा फोटो खिशात घालून गल्लीभर दाखवत फिरतो आणि मी पिशवी भरायला घेते. चौकशीचं खातं माझ्याकडं. नात्यातल्या, शेजारच्या, शाळेतल्या बायकांच्या मुलींसाठीसुद्धा मी गावोगाव जाऊन आले आहे, आणि मी बघून आलेलं एकही स्थळ आजवर पास झालेलं नाही. एकाचं दुकान भाड्याचं निघालं, एकाची पदवी अर्धीच होती, एकाला तर आधीची बायको निघाली. लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. माझ्या वेळी कुणी चौकशीला गेलं असतं तर बरं झालं असतं. मुलगा सोलापूरला ऑफिसात आहे एवढ्या शब्दावर वडिलांनी मला दिली. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मी भरलेला डबा घेऊन तो माणूस निघायचा आणि दिवसभर बागेत बसून यायचा. ऑफिस नव्हतंच. मी महिनोन्‌महिने डबे भरले त्या ऑफिससाठी. ते कळल्यावर नांदेडला माघारी आले, डी.एड. केलं, मास्तरीण झाले. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

तर या खेपेला मुलगी होती मनोहरची थोरली, सुजाता. माझ्या मांडीवर वाढलेली. आणि मुलगा मिलिंद, वडील मूळ उदगीरकडचे, नोकरीनिमित्त हैदराबादला होते, निवृत्त होऊन गावी परतले. पोरगा तिकडंच वाढला, विद्यानगरला खोली करून राहतो. उन्हाळ्याआधी स्थळ आलं तेव्हा वडिलांनी सांगितलं, आबिड्सला कंपनीत कायम आहे, वेब डेव्हलपर आहे. हा काय प्रकार असतो ते आमच्याकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुजातानं समजावलं, कॉम्प्युटरचं जगभर जाळं असतं, त्यावर दुकानांची, ऑफिसांची पानं बनवून लावायची. जाळं हा शब्द ऐकूनच मी सावध झाले. त्यात पेपरात रोज येत होतं, अमेरिकेत असल्या कंपन्या पटापट बंद पडायल्यात. नवं शतक लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि जो तो आपलं पोरगं कॉम्प्युटरवाला आहे म्हणून सांगत सुटला होता.

"आत्यालाच जाऊ दे," पावसाळ्यात बोलणी पुन्हा निघाली तेव्हा सुजाता म्हणाली. "आत्या बघून आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मला भरून आलं. एवढा विश्वास टाकते पोर. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीत बसले.

विद्यानगर

उतरले विमलकडं. विमल माझी डी.एड.ची मैत्रीण, लग्न होऊन हैदराबादला गेली आणि तिथलीच झाली. तिचे मिस्टर वीज खात्यात. दारात पाऊल ठेवताच विमल म्हणाली, "अगं किती वाळलीस! बस, पैले टिफिन कर." मला वाटलं डबा भरायचा आहे कुणाचा. टिफिन म्हणजे तिथं सकाळचा नाश्ता. हिरव्या मुगाचा पातळ डोसा, वर आल्याची चटणी. झकास होता, पण सकाळी सकाळी एवढं चमचमीत खाणारी माणसं दिवसभर काम कधी करतात, असंही मनात आलंच.

विमलची मराठी पार बदललेली. हो म्हणायला हौ, नको म्हणायला नक्को. आमटीत चिंच, भाजीत चिंच, अंबाडीच्या चटणीला तेलाची नुसती धार. आपल्याकडं पाहुण्याला जेवलात का विचारतात आणि नाही म्हटलं की मग तांदूळ निवडायला बसतात. इथं विचारत नाहीत, वाढतात. मला हे आवडलं. मिस्टर मात्र फार गोड बोलत होते, म्हणून त्यांच्यावरही थोडं लक्ष ठेवलं.

चौकशीची माझी एक पद्धत आहे. मुलाच्या घरी आधी जायचं नाही. वाणी गाठायचा, नाहीतर इस्त्रीवाला. वाण्याला उधारी ठाऊक असते, इस्त्रीवाल्याला माणूस. मिलिंदच्या गल्लीच्या तोंडाशीच यूसुफभाईंची इस्त्रीची गाडी होती. मी एक साडी मुद्दाम चुरगाळून नेली.

साडीवरून कोळशाची इस्त्री फिरत होती तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, वो सामने की खोली में मिलिंद नाम का लडका रहता है ना, कैसा है?

यूसुफभाईंनी माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. पिशवीवर नांदेडच्या कापड दुकानाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात छापलेलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"कायकू पूछरे अम्मा?"

"ऐसेच."

"अच्छा है बच्चा. रोज एक शर्ट, कडक होना बोलता. सुबू बॅग लेके निकलता, शाम कू आता."

"कहाँ जाता?"

"ऑफिस जाता होंगा. और कहाँ जाते लोगां?"

रोज एक कडक शर्ट. सकाळी बॅग. साडी घेतली आणि निघाले. पैसे द्यायचं राहिलं म्हणून यूसुफभाईंनी हाक मारली, तेव्हा कुठं भान आलं.

आबिड्स

आबिड्स म्हणजे जुनं मोठं बाजारपेठेचं ठिकाण. पोस्ट, चपलांची दुकानं, हॉटेलं, आणि वर ऑफिसंच ऑफिसं. त्या वेळी तिथल्या प्रत्येक खांबाला कॉम्प्युटर क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. एकावर एक इतक्या, की खांब जाडजूड झाले होते. तीन महिन्यांत शिका आणि परदेशी जा. तीन महिन्यांत आमच्या पहिलीच्या पोरांची बाराखडी होत नाही.

मुलाच्या वडिलांनी दिलेल्या पत्त्यावर गेले. जिना चढून वर पोचले तर दाराला कुलूप. कुलपावर धूळ. दाराच्या बाजूला पाटी काढल्याच्या खुणा, चार भोकं आणि मधला रंग उजळ. मी दार ठोठावलं तरीही. का ठोठावलं माहीत नाही. कुलूप दिसत होतं डोळ्यांना.

खाली पानवाला होता. त्याला विचारलं, वर की कंपनी?

"वो? वो तो परसों बंद हो गई."

परवा. म्हणजे पोराला अजून पत्ताही नसेल, घरी सांगायला वेळही झाला नसेल. क्षणभर मला त्याची दया आली. तिथंच उभ्या उभ्या चहा घेतला, दाट, गोड, आणि विमलकडं येऊन सगळं सांगितलं. तिचे मिस्टर हसायला लागले.

"ताई, इथं परसों बोलले तर परवाच असं काही नसतं. मागं कधीतरी. महिना झाला तरी परसों, वर्ष झालं तरी परसों."

हसणं त्यांचं झालं, माझी मात्र दया तिथंच संपली. कंपनी कधीची बंद आणि हा रोज कडक शर्ट घालून निघतो. कुठं जातो? कुठल्या बागेत बसतो? हैदराबादेत बागाही पुष्कळ आहेत म्हणे. त्या दिवशी विमलनं प्रेमानं केलेला बगारा खाना, तिथला फोडणीचा भात, मी तसाच ताटात ठेवला. परत जाऊन नाही म्हणून सांगावं, एवढं पुरेसं होतं खरं तर. पण मला त्याला बागेत बसलेला बघायचा होता. ती माझी हौस होती म्हणा, नाहीतर जुना हिशोब म्हणा.

सुलतान बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी यूसुफभाईंच्या गाडीपासून जरा लांब, एका झाडाआड उभी राहिले. मिलिंद बाहेर आला. फोटोतल्यापेक्षा काळा आणि बारीक. कडक शर्ट, खांद्याला बॅग. यूसुफभाईंशी दोन शब्द बोलला आणि बस स्टॉपकडं निघाला. मी मागोमाग. रस्ता ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आता काय करावं? पदराची पिन काढली, कशीबशी लावली, पाय घासत घासत स्टॉपकडं निघाले. बस गेली असणार असं धरून चालले होते. पण पोरगा तिथंच उभा होता, पेपर वाचत.

एक बस आली, रिकामी होती, त्यानं सोडली. तेव्हा मी अजून रस्त्याच्या पलीकडंच होते. दुसरी आली, मी स्टॉपपासून दहा पावलांवर, तीही सोडली. मी मनात म्हटलं, हे लक्षण काही बरं नाही. ज्याला कामावर पोचायचं आहे तो रिकामी बस सोडत नाही. ज्याला नुसता दिवस काढायचा आहे तोच सोडतो. तिसरी आली तेव्हा मी स्टॉपवर टेकले होते, आणि तो चढला.

तिथल्या बसमध्ये बायका पुढच्या दारानं चढतात, पुरुष मागच्या. आपल्याकडं एसटीत असलं काही नसतं, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. मी पुढं, तो मागं, मधे माणसांची भिंत. मागच्या मागं उतरून गेला तर मला कळायचंही नाही. मी दर स्टॉपला मान वळवून बघत होते, शेवटी शेजारच्या तेलुगू बाईनं मला काहीतरी विचारलं, बहुतेक मान दुखते का म्हणून. सुलतान बाजारला तो उतरला. मी धडपडत उतरले.

सुलतान बाजार म्हणजे कापडाची, पुस्तकांची, दागिन्यांची दुकानं आणि त्यांच्या मधून वाट काढणारी माणसं. तो पुस्तकांच्या दुकानापाशी थांबला, पुस्तकं चाळली, एकही घेतलं नाही, पुढं निघाला. मग बांगड्यांच्या दुकानापाशी थांबला. पुरुष माणूस बांगड्या बघतो म्हणजे? माझा संशय आता भलतीकडंच पळायला लागला. मी पिन टोचत असलेला पाय ओढत त्याच्या मागं. शेवटी तो एका जुन्या मराठी वाचनालयात शिरला.

मी बाहेरूनच बघितलं. दाराशी फळा होता. आपल्या प्रत्येक शाळेत, वाचनालयात असतो तसा, वर पांढऱ्या रंगानं आजचा सुविचार असं लिहिलेला. मी स्वतः गेली कित्येक वर्षं शाळेत असला फळा लिहीत आले आहे. मिलिंदनं बॅग ठेवली, फडक्यानं फळा पुसला, बॅगेतून खडू काढला आणि लिहायला लागला. सुविचार शब्दावर त्यानं कागदाची पट्टी चिकटवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, आजची युक्ती.

युक्ती अशी होती: पानावर चित्र हलके टाका. आपल्याकडे सगळे फोनच्या तारेतुन येते. गिर्‍हाईक चहा पीऊन आला तरी चित्र अर्धेच, असे होऊ देऊ नका.

त्याच्या खाली, आजची बातमी: नारायणगुड्याला पाने बनवणारी दोन पोरे पाहिजेत. पगार महीन्याला देतात का ते आधि विचारा.

अक्षर सुबक होतं, ऱ्हस्वदीर्घाचा आनंदीआनंद होता. मला ते सहन होईना. पण मी लपलेली होते, म्हणून गप्प बसले. बघता बघता सात-आठ पोरंपोरी जमली. कुणी वहीत उतरवून घ्यायला लागलं, कुणी विचारलं, "क्या लिखा रे आज?" आणि मिलिंदनं हिंदीत, तेलुगूत वाचून दाखवलं. मग सगळे पांगले आणि तो आत जाऊन एका कॉम्प्युटरसमोर बसला.

बाग नव्हती. पण ऑफिसही नव्हतं. मी ठरवलं, आता तोंडावर गाठायचा.

आत गेले. "वेबसाइट बनवणारे तुम्हीच का?" मी विचारलं. "माझा नांदेडला लोणच्याचा उद्योग आहे. वेबसाइट करायची आहे."

तो चटकन उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली. "बसा नं बाई. कशाचं लोणचं?"

"कैरीचं, लिंबाचं. सगळंच."

"टिकतं किती दिवस?"

"वर्षभर."

त्याच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. पण चेहरा गंभीर. मग त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. घेतं कोण? दुकानदार की घरची माणसं? त्यातल्या किती जणांच्या घरी कॉम्प्युटर आहे? फोन करून मागवतात का? मागवलं तर पोचवायला माणूस आहे का? मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आले, मला असं कुणी उलटं तपासलं नव्हतं. सुचेल ते ठोकत गेले. पाणी मागितलं, प्याले, पुन्हा ठोकत गेले.

मधेच त्यानं कॉम्प्युटरवर एका साडीच्या दुकानाचं पान काढून दाखवलं. साड्यांची चित्रं एकेक करून वरून खाली उलगडत येत होती, आणि खरंच फार वेळ लागत नव्हता. "हे बाजूचं दुकान, मीच केलं," तो म्हणाला. मग उंदराचं उजवं बटण दाबून काहीतरी केलं आणि पडद्यावर नुसती अक्षरं आली. "हे त्या पानाचं आतलं. कुणाचंही पान असू दे, असं उघडून बघता येतं. कसं बनवलं, कुठं चुकलं, सगळं. आम्ही असंच शिकलो."

"म्हणजे कुणाला काही लपवता येत नाही?"

"पानात नाही येत." तो हसला. "माणसाचं काय सांगू."

अख्ख्या हैदराबादेत मला मनापासून आवडलेली ही पहिली गोष्ट. अशी सोय स्थळांना असती तर माझा किती प्रवास वाचला असता.

मग तो म्हणाला, "बाई, खरं सांगू का? तुम्हाला वेबसाइट नक्को. तुमचं गिऱ्हाईक नेटवर येत नाही. उगं खर्च होईल. बरणीवर चांगली चिठ्ठी लावा, फोन नंबर मोठा छापा. दोन-तीन वर्षांनी बघू."

माझं टाळकं सरकलं. खोटं का होईना, मी गिऱ्हाईक होते. "असं गिऱ्हाईक माघारी पाठवलंस तर तुझी कंपनी चालायची कशी?"

"कंपनी बंद पडली, बाई," तो म्हणाला. "उन्हाळ्यातच. आता मीच आहे. जमेल तसं करतो. बाजारातल्या दुकानांची कामं मिळतात, कधी मिळत नाहीत."

एवढं सरळ सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी पुढचा प्रश्न तयार करून बसले होते, आता त्याचं कामच उरलं नाही.

"आता चला," तो बॅग उचलत म्हणाला. "बाजूला मोची बसतो. तुमची चप्पल आधी शिवून घेऊ."

मी पाय खुर्चीखाली ओढून बसले होते. "चप्पल तुटली हे तुला कसं कळलं?"

"स्टॉपकडं येताना तुटली नं, रस्ता ओलांडताना. म्हणून तर दोन बस सोडल्या." आणि मग हळूच म्हणाला, "तुम्ही मागं राहिल्या असत्या, आत्या."

मोच्यापाशी

मोच्यासमोर एका पायावर उभी राहून मी त्याला आधी चांगलं झापलं. काय करणार, दुसरं काही सुचत नव्हतं. सगळं उघडं पडलं ते असं. यूसुफभाईंनी आदल्या दिवशीच त्याला सांगितलं होतं, नांदेड की एक अम्मा तुम्हारी पूछताछ कररी. पुस्तकांपाशी, बांगड्यांपाशी तो माझ्यासाठीच थांबला होता, गर्दीत चुकू नये म्हणून. आणि लोणचं? वर्षभर टिकतं म्हटलं तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं म्हणे. माझ्या हातचं लोणचं दर वर्षी पंधरा दिवसांत बुरसतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते ह्याला कसं ठाऊक?

"सुजाता बोलली."

"सुजाता तुझ्याशी बोलते?"

"कंपनी बंद पडली त्याच आठवड्यात मी तिला फोन केला. बाबांना पण सांगितलं. बाबा म्हणाले, लग्न होईस्तोवर गप्प राहा, नाहीतर स्थळ जाईल. मी तिला तरी सांगून टाकलं. ती बोलली, तू काही बोलू नक्को. मी आत्याला पाठवते."

म्हणजे ज्या विश्वासानं मला भरून आलं होतं तो हा होता. पोरीनं मला डाव म्हणून पाठवलं. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

"फोनवर मला सांगता येत नव्हतं तिला?"

"ती बोलली, आत्याला सांगून पटत नाही. तिला स्वतः बघावं लागतं."

खोटं नव्हतं ते. तेच तर चिडायला पुरेसं होतं.

"आणि फळ्यावर बातमी लिहिलीस ती नारायणगुड्याची नोकरी? तू नाही गेलास?"

"गेलो होतो. मला नाही घेतलं." चपलेला टाके पडत होते, तिकडं बघत तो म्हणाला, "आमची कंपनी बंद झाली तेव्हा सगळे परेशान. कुणाच्या घरी नेट नाही, बाहेर बसायला परवडत नाही. मग ठरवलं, रोज एकानं वाचनालयाच्या नेटवर बसून वाचायचं, नवं काय आलं, कुठं जागा आहे, आणि बाकीच्यांसाठी फळ्यावर लिहायचं. वाचनालयाचे कार्यवाह बोलले, फळा घ्या, पण लिहायचं मराठीत. आमची मराठी अशी, शाळा इंग्लिश मीडियमची. तेलुगू पोरं पण आता अक्षरं ओळखायली."

चप्पल शिवून झाली. पैसे मीच दिले. तो देत होता, पण मी देऊ दिले नाहीत, अजून काही ठरलेलं नव्हतं.

पुन्हा सुलतान बाजार

तिसऱ्या दिवशी मी एकटी परत गेले. कुणी कितीही सरळ बोलला तरी एका दिवसाच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. साडीच्या दुकानात जाऊन साड्या उलगडायला लावल्या आणि विचारलं. मालक म्हणाले, हौ, त्यानंच बनवलं, सांगितलेल्या दिवशी दिलं, आणि चूक निघाली तर बोलवायच्या आधी येऊन बसतो. बांगडीवाल्यानं जरा तक्रार केली. म्हणाला, लुकलुकणारी अक्षरं पाहिजे होती, पोरानं नाहीच केली, हट्टी आहे. हट्टी आहे हे मी मनात टिपून घेतलं.

वाचनालयात कार्यवाह भेटले, धोतरातले, चष्म्यावरून बघणारे. मी मिलिंदचं नाव काढताच म्हणाले, "शुद्धलेखन भयंकर आहे."

"ते दिसलं मला."

"पण रोज येतो. पाऊस असो, ताप असो. ह्या फळ्यावर आमचा सुविचार आठवडा आठवडा तसाच असायचा, कुणी वाचत नव्हतं. आता सकाळी दाराशी गर्दी असते."

निघताना कुणी बघत नाही असं पाहून मी खडू घेतला आणि नव्या युक्तीतही आलेल्या पीऊन मधला ई ऱ्हस्व केला. बाकीचं राहू दिलं.

त्या संध्याकाळी विमलला बरोबर घेऊन एसटीडी बूथवर गेले. काचेच्या खोलीत उभं राहून नांदेडचा नंबर फिरवला. फोन सुजातानं उचलला. "आत्या," एवढंच म्हणाली. मी खूप काही बोलायचं ठरवून आले होते. मला खेळवलंस, म्हातारी समजलीस का, बरंच काही. तिचा श्वास ऐकू येत होता. पोर घाबरली होती. मी म्हटलं, "बाबाला दे."

मनोहर आला. "बोल अक्का. नोकरी आहे का?"

बूथमध्ये उकडत होतं. हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं, पोरीनं त्याचसाठी पाठवलं होतं. पण असंच एक हो कुणीतरी माझ्या वडिलांना सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कंपनी बंद पडली. उन्हाळ्यातच."

"बघ. म्हणजे फसवलं आपल्याला."

"बापानं फसवलं. पोरानं नाही. पोरानं सुजाताला तेव्हाच सांगितलं, तिनं आपल्याला सांगितलं नाही. तिला घरी आल्यावर बघते मी. तो दुकानांची कामं करतो. कधी मिळतात, कधी नाही. घर नाही, खोली भाड्याची. जरा हट्टी आहे. लिहितो अशुद्ध." जे जे पाहिलं ते सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही.

मनोहरनं सुस्कारा सोडला. "मग मी त्यांना काय कळवू? नेहमीसारखं?"

"माझी चप्पल तुटली होती," मी म्हटलं.

"काय?"

"रस्त्यात. मी त्याच्या मागं चालले होते. त्यानं दोन बस सोडल्या."

"चपलेचं काय मधेच, अक्का?"

ते काही मला त्याला नीट सांगता आलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. काचेपलीकडं विमल मला हातानं विचारत होती, काय झालं, रडतेस का. मी तिच्याकडं पाठ केली.

"हो म्हणून कळव त्यांना," मी म्हटलं.

तिकडून आवाज येईना. लाइन तुटली असं वाटून मी हॅलो, हॅलो केलं. मग मनोहर अगदी सावकाश, एकेक शब्द तोलत बोलला.

"अक्का, तूच बोलायलीस नं?"